अक्षयाच्या खर्चाचे पैसे

अक्षयाचे पुढचे दोन दात पडले त्याला आठवडाही झाला नव्हता. एक भाकरी खाताना पडला, दुसरा तिने जिभेने ढकलून ढकलून स्वतःच पाडला, आणि तेव्हापासून तिच्या तोंडून 'शाळा' हा शब्द नुसता वारा सुटल्यासारखा यायचा. तिच्या आईला, नम्रताला, त्याचं हसू आवरत नसे. म्हणून त्या दुपारी नम्रताचा भाऊ सदूदादा लांज्याहून एसटीने आला आणि पायरीवर चपला काढता काढता दातांचं बोलला, तेव्हा आधी ती हसलीच.

"हर्षद विचारत होता," सदू म्हणाला, "पोरीचे पुढचे दात पडलेत, आता नवीन वाकडे तर यायचे नाहीत ना."

नम्रता पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. सदू आत आला, तिच्या हातातला तांब्या घेऊन घटाघटा प्यायला, शर्टाच्या आतल्या खिशातून पैशांचं पाकीट काढून त्याने टेबलावर ठेवलं. ती अजून तिथेच उभी होती.

"दादा, दात पडल्याचं त्याला कोणी सांगितलं?"

"मला काय माहीत? मलाच त्यानं सांगितलंन. पडले काय खरंच?"

अक्षया मागच्या अंगणात घरमालकिणीच्या मांजराशी खेळत होती, सदूने तिला अजून पाहिलंही नव्हतं. नम्रताने गावाला फोन केला नव्हता, आईलाही कळवलेलं नव्हतं. दात पडल्याचं ठाऊक असलेली माणसं म्हणजे ती, वरच्या मजल्यावरच्या मालिनीकाकू आणि शाळेतल्या बाई. आणि ज्याने पोरीला जवळून हसताना पाहिलं असेल तो.

नम्रता मागच्या दाराशी गेली आणि अक्षयाला घरात बोलावून घेतलं.

हर्षद लोट्याला एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होता. लग्नानंतर पाच वर्षं नम्रता त्याच्याबरोबर तिथेच, कारखान्याजवळच्या चाळीत राहिली. त्याचा राग आरडाओरडा करणारा नव्हता, म्हणून शेजाऱ्यांना कधी काही कळलं नाही. रागावला की त्याचा आवाज खाली यायचा आणि तो फार नीट, समजुतीने बोलायला लागायचा. एका दुपारी, भाजीत मीठ जास्त पडलं या कारणावरून, त्याने स्वयंपाकघराचं दार आणि खिडकी लावून घेतली, गॅसचं बटण फिरवलं आणि शेगडी न पेटवता तिच्यासमोर पाटावर बसला. काड्यापेटी त्याच्या हातात होती. वास किती वेळाने येतो ते बघू, असं म्हणून तो कंपनीतल्या गोष्टी सांगत राहिला. बाहेरच्या खोलीत दीड-दोन वर्षांची अक्षया झोपली होती. शेवटी त्याने हसून बटण बंद केलं आणि जेवायला वाढ म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला गेल्याबरोबर नम्रता पोरीला घेऊन माहेरी आली ती परत गेलीच नाही.

कोर्टात केस झाली. मुलीच्या खर्चाचे पैसे दर महिन्याला त्याने नम्रताला द्यावेत, नम्रताला त्रास देऊ नये आणि मुलीला भेटायचं असेल तर महिन्यातून एकदा कोर्टाच्या आवारातल्या खोलीत भेटावं, असा हुकूम झाला. पैसे द्यायचे कसे, याबद्दल त्यात काही नव्हतं. ते दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं; रोखच देईन, असा हर्षदचा आग्रह होता. हर्षदचं गाव लांज्याजवळच होतं. सुट्टीला आला की त्याने लांज्याच्या स्टँडवर सदूच्या हातात रोख पैसे द्यायचे आणि सदूने ते नम्रताला पोचवायचे. बाईमाणसाच्या हाती थेट पैसे देण्यापेक्षा भावाच्या हाती दिलेले बरे, असं कोणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. नम्रताला त्या बोलण्याचा राग आला होता, पण तिने ते मान्य केलं. हर्षदचं तोंड बघायला लागणार नव्हतं, तिला तेवढं पुरेसं होतं. रत्नागिरीत तिने चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली, नाचणे रोडला मालिनीकाकूंच्या खालच्या दोन खोल्या घेतल्या आणि सदूला बजावून ठेवलं की पत्ता कोणाला सांगायचा नाही.

सदूने तो खरंच कोणाला सांगितला नव्हता. त्याने पोरीची शपथ घेतली, आईची घेतली. नम्रताने त्याला थांबवलं आणि फक्त एवढंच विचारलं, की पैसे दिल्यावर हर्षद काय करतो.

"काय करणार? चहा पाजतो. माझ्याबरोबर एसटी येईपर्यंत थांबतो. मग जातो आपला मोटरसायकलवरून लोट्याला. माणूस निवळलाय गो, नमे. मला त्याच्या कंपनीत लावून देतो म्हणालाय."

"तू एसटीत बसल्यावर निघतो, की आधी?"

सदू विचार करू लागला. विचार करता करता त्याचा चेहरा उतरत गेला. लांज्याहून निघालेली एसटी आणि लोट्याला जाणारी मोटरसायकल, दोघांचा रस्ता हातखंब्यापर्यंत एकच. तिथून लोट्याला जाणाऱ्याने महामार्गाने सरळ जायचं, आणि रत्नागिरीचा फाटा वेगळा फुटतो. हातखंब्याला एसटीच्या मागे वळायला काय लागतं? आणि स्टँडवर उतरून, पाकीट खिशात सांभाळत, नाचण्याच्या रिक्षात बसणाऱ्या माणसाच्या मागे राहायला तरी काय लागतं?

त्याने रोख पैसे द्यायचा आग्रह का धरला होता, ते नम्रताला आत्ता उमगलं. रोख पैसे कोणीतरी घेऊन जावे लागतात, आणि घेऊन जाणाऱ्याच्या मागून जाता येतं.

सदू त्या दिवशी न जेवता गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून मी नाय आणणार." मग दारातच थबकून म्हणाला, "पण मग पोरीचे पैसे?"

त्यानंतरचे दिवस नम्रताने कसे काढले ते तिलाही नंतर धड सांगता येत नसे. दुकानात काचेच्या दारापलीकडे हेल्मेट घातलेला माणूस थांबला की ती हातातली फ्रेम खाली ठेवून आतल्या बाजूला सरकायची. शाळा सुटण्याच्या आधीच ती फाटकाशी जाऊन उभी राहायची, त्यासाठी मालकांची बोलणी खायची. अक्षयाला तिने विचारलं, रस्त्यात कोणी भेटतं का, कोणी हाक मारतं का. अक्षयाने सांगितलं की शाळेच्या फाटकाशी एक काका मोटरसायकलवर बसलेले असतात, ते हात करतात, टोपी काढत नाहीत.

"कधीपासून?"

"खूप दिवसांपासून," अक्षया म्हणाली आणि बोळक्या तोंडाने हसली. "त्यांना दात दाखवले मी."

तिची केस चालवणाऱ्या नीरजाताई वकील कोर्टासमोरच्याच इमारतीत बसत. नम्रता त्यांच्याकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आपण कोर्टाकडे पैसे देण्याची पद्धत बदलून मागू, असं त्या म्हणाल्या. पैसे थेट नम्रताच्या बँक खात्यात आले पाहिजेत, मधे भाऊ नको, मामा नको, कोणी नको. आणि त्याने एखादा महिना जरी चुकवला तर कंपनीला सांगून पगारातूनच कापून घेता येतात.

हे ऐकून नम्रताला धीर यायला हवा होता. उलट तिला भीतीच वाटली. कंपनीत चारचौघांत कळलं, पगार कापला गेला, तर तो काय करेल? आरडाओरडा नाही करणार. नीट, समजुतीने बोलेल. "थोडं थांबूया ताई," ती म्हणाली. नीरजाताईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की थांबायचं की नाही ते तूच ठरव, पण तो थांबलेला नाही एवढं लक्षात ठेव.

ती थांबली. त्याची सुट्टीची तारीख जवळ आली तशी तिने सदूला फोन करून कळवलं, की लांज्याला जाऊ नकोस, यावेळी पैसे नकोत. सदू गेला नाही.

रविवार होता. सकाळचे दहा वाजून गेले होते, अंगणात ऊन आलं होतं. अक्षया जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. दारावर टकटक झाली आणि नम्रता कणकेच्या हातांनी यायच्या आत अक्षयाने कडी काढली.

"काका," ती म्हणाली.

"काका काय गं, बाबा," हर्षद म्हणाला आणि हेल्मेट काढून आत आला.

तो इस्त्रीच्या कपड्यांत होता. अंगाला साबणाचा वास होता. त्याने चपला बाहेर काढल्या होत्या, जोडीने, भिंतीला लावून. तो खुर्चीवर बसला आणि आजूबाजूला बघू लागला: कॉट, कपाट, खिडकीला लावलेली जाळी. मग आतल्या खोलीच्या दारातून दिसणाऱ्या शेगडीकडे त्याची नजर गेली आणि तिथे जरा रेंगाळली.

"सदू आला नाही लांज्याला," तो म्हणाला. आवाज खाली होता. "म्हटलं, त्याला कशाला त्रास? आपणच द्यावेत."

त्याने पाकीट काढलं. नम्रताने हात पुढे केला, कणकेने भरलेला. त्याने तो बघितला आणि मान हलवली.

"तुला नाही. तिचे पैसे आहेत, तिच्या हातात देणार. ये गं इकडे."

अक्षयाने आईकडे पाहिलं. नम्रता जागची हलू शकली नाही. हर्षदने पुढे वाकून पोरीचं मनगट धरलं, तिच्या तळव्यावर पाकीट ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली. मग तो तिचा हात धरूनच बोलत राहिला. दर महिन्याला असाच येईन. तुला देईन. तू आईला द्यायचे. आई चांगली वागली तर द्यायचे. कळलं?

अक्षयाचा चेहरा बदलला होता. रडत नव्हती, पण खालचा ओठ आत गेला होता. तो ओठ बघितला आणि नम्रताला आपल्या गळ्यातून आवाज आलेला ऐकू आला.

"हे पैसे आम्ही घेणार नाही."

हर्षदने मान वर केली.

"तिचा हात सोड. पैसे परत घेऊन जा. द्यायचे तर कोर्टात भर. इथे यायचं नाही."

"वेडी आहेस का?" तो हळू म्हणाला. "पोरीच्या तोंडचं नाकारतेस? कोणाला सांगितलंस तरी लोक तुलाच हसतील. बाप घरी येऊन खर्च देतोय, आणि आई नको म्हणते."

ते खरं होतं, आणि म्हणूनच तिची भीती जास्त होती. तिने मागे सरकत, त्याच्यावरची नजर न काढता, जिन्याच्या बाजूचं दार उघडलं आणि मालिनीकाकूंना हाक मारली. एकदा हाक हवेतच विरली. दुसऱ्यांदा मोठ्याने मारली. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काकूंचं "काय गं?" ऐकू आलं आणि त्या जिना उतरू लागल्या. गुडघ्यांमुळे त्या एकेक पायरी थांबत उतरायच्या. त्यांची पावलं जवळ आली तसतशी हर्षदची बोटं सैल होत गेली. काकू दारात आल्या तेव्हा तो उभा राहिला होता, नमस्कार करत होता, मुलीला भेटायला आलो होतो म्हणत होता.

"झालं का भेटून?" काकू म्हणाल्या.

तो चपला घालून निघाला. फाटकाशी वळून त्याने नम्रताला सांगितलं, पुढच्या महिन्यात येतो. पाकीट अक्षयाने केव्हाच खाली टाकलं होतं, रंगांच्या खडूंमध्ये.

नम्रताने ते उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते तसंच नीरजाताईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि म्हणाली, अर्ज करा.

कोर्टातल्या तारखेला हर्षद स्वच्छ दाढी करून आला होता. त्याच्या वकिलाने सांगितलं की हा जबाबदार बाप आहे, एकही महिना चुकलेला नाही, उलट स्वतः जाऊन मुलीच्या हाती पैसे देतो. अशा माणसाविरुद्ध अर्ज कसला? मॅजिस्ट्रेट मॅडम तरुण होत्या. त्यांनी नम्रताला विचारलं, पैसे मिळतायत ना, मग अडचण काय आहे?

नम्रताने मोटरसायकलबद्दल सांगितलं, शाळेच्या फाटकाबद्दल सांगितलं, दातांचं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते फार क्षुल्लक वाटत होतं. कोणी हात केला, कोणी पोरीची बोटं मिटवली, हा काय गुन्हा? हर्षद तिच्याकडे बघत होता आणि किंचित हसत होता. दातांचं आपल्याला सदूनेच सांगितलं, असं तो म्हणाला.

सदू मागच्या बाकावर बसला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपला बहिणीबरोबर आला होता. तो उठून उभा राहिला. कोर्टाच्या माणसाने त्याला बसायला सांगितलं, पण मॅडमनी हाताने थांबवलं आणि पुढे बोलावलं.

सदूने आधी घाम पुसला. मग गावच्या बोलीतच सांगितलं की दात पडल्याचं त्याला हर्षदकडूनच कळलं. पुढे बोलायला त्याला वेळ लागला. "माझ्या मागनं तो घरापतूर आला, मॅडम. मला कळलंच नाय. पैसे मी पोचवत होतो आणि त्यालाही मीच पोचवला."

मॅडमनी हर्षदकडे पाहिलं. मुलीला भेटायला कोर्टाने महिन्यातून एक दिवस दिला होता, त्या दिवशी तुम्ही आजवर किती वेळा आलात, असं त्यांनी विचारलं. त्याचा वकील कागद चाळू लागला. हर्षद एकदाही आला नव्हता. नम्रता मात्र प्रत्येक वेळी पोरीला घेऊन त्या खोलीत वाट बघत बसली होती, आणि तो आला नाही की सुटल्यासारखी घरी परतली होती.

खर्च दर महिन्याला फक्त आईच्या बँक खात्यात भरायचा, असा हुकूम झाला. घरी नाही, शाळेत नाही, मुलीच्या हातात नाही, कोणा नातेवाइकामार्फत नाही. घराच्या आणि शाळेच्या आसपास दिसला तर पोलिसांत तक्रार. नीरजाताईंनी पुढे केलेलं पाकीट मॅडमनी कोर्टातच जमा करून घेतलं.

पहिल्या महिन्यात खात्यात काही आलं नाही. पैसे न येण्याचं नम्रताला दुःख झालं नाही. पण न आलेले पैसे कुठेतरी त्याच्या खिशात असतील आणि तो ते घेऊन येईल, या विचाराने ती त्या रविवारी कडी लावून, खिडकीचा पडदा ओढून दिवसभर बसून राहिली. अक्षयाने बाहेर जायचा हट्टही केला नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने नीरजाताईंना फोन केला, आणि या वेळी थोडं थांबूया असं ती म्हणाली नाही.

कंपनीला कोर्टाचा आदेश गेला. नम्रता ज्याला सगळ्यात जास्त घाबरत होती ते घडून गेलं: पगारवाटपाच्या विभागात कळलं, पाळीवरच्या माणसांना कळलं. त्या दिवसांत ती काकूंकडेच वर झोपायला जायची. काही झालं नाही. महिन्याच्या सुरुवातीला, दुकानात एका आजोबांना वाचायचा चष्मा लावून दाखवत असताना तिचा फोन थरथरला. बँकेचा निरोप होता. तिने तो वाचला, फोन उलटा ठेवला आणि आजोबांना विचारलं की आता बारीक अक्षर दिसतं का. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की आजोबांनी काय म्हणालीस म्हणून विचारलं.

पुढच्या महिन्यातही आले. त्याच्या पुढच्याही.

सदू आला तो भातं झाल्यावर. नव्या तांदळाचं गाठोडं आणि आईने दिलेली कुळथाची पिशवी घेऊन. लोट्याच्या नोकरीचं त्याने डोक्यातून काढून टाकलं होतं आणि एका काजूच्या कारखान्यात तो लागला होता. हातखंब्याला उतरून अर्धा तास थांबलो, मग दुसरी एसटी धरली, मागे कोण आहे का ते बघत बघत आलो, असं त्याने सांगितलं.

"आता बघून काय उपयोग, दादा?" नम्रता म्हणाली. "घर त्याला माहीत आहे."

"मग घर बदल."

तिचा तोही विचार करून झाला होता. घर बदललं तर शाळा बदलेल, काकू सुटतील, आणि ज्याला शोधायचं आहे तो पुन्हा शोधेल. इथे निदान फाटकाशी कोण उभं आहे ते गल्लीतल्या सगळ्यांना कळत होतं. काकूंनी प्रत्येक घरी जाऊन सांगून ठेवलं होतं. त्याने नोकरी सोडली तर पगार नाही, मग कापणार काय, हेही तिला माहीत होतं. नीरजाताईंनी ते तिच्यापासून लपवलं नव्हतं. तेव्हा पुन्हा अर्ज करायचा, असं ठरलं होतं.

"नाही बदलत," ती म्हणाली.

सदूने तांदूळ डब्यात ओतायला मदत केली. अक्षया शाळेतून आली तेव्हा त्याने सवयीने खिशाला हात लावला, मग हसून हात काढला. नम्रताने भात टाकला. शेगडी पेटवताना तिचा हात दरवेळेसारखा जरा थबकला, आणि मग काडी ओढली गेली. जेवणं झाल्यावर मामाभाची अंगणात गेली. नम्रता भांडी घासत होती, आणि मधूनमधून हात थांबवून बाहेरचे दोघांचे आवाज ऐकत होती.